कचेरीमागची गार भिंत

होळी जळली की आमच्याकडे माळ्यावरचे कूलर खाली येतात. वर्षभर त्यांच्या पोटात कबुतरांनी संसार थाटलेला असतो. तो आवरायचा, पंख्याला तेल द्यायचं, गंजलेल्या पत्र्यावर रंगाचा एक हात मारायचा आणि तिन्ही बाजूंच्या जाळ्यांत नवा वाळा भरायचा. मग पाणी सोडलं की तो वास घरभर पसरतो. माणसं डोळे मिटून तो आत ओढून घेतात. मी मात्र उठतो आणि अंगणात जाऊन उभा राहतो. बायको पहिली काही वर्षं म्हणायची, "एवढ्या उनात भायेर काय ठेवलं हाय तुमचं?" आता म्हणत नाही. दाराशी माझा दुपट्टा तेवढा आणून ठेवते.

मी दस्तलेखक. चाळीस वर्षं कचेरीच्या फाटकाशी कडुनिंबाखाली, आधी ताडपत्रीत आणि मग टिनाच्या खोक्यात बसून मी लोकांची खरेदीखतं, वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं, अर्ज लिहिले. आमच्या धंद्यात नावाला फारसा अर्थ नसतो. एका नावाची दहा माणसं असतात आणि एका गावात वीस गणपत. जागा ओळखायची ती चतुःसीमेवरून. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, उत्तरेला आणि दक्षिणेला काय हे लिहिलं की मधली जागा आपोआप तुमची होते. सवयच लागली आहे, म्हणून आमच्या शहराचंही नाव सांगत नाही, चतुःसीमा सांगतो. उत्तरेस नेरकडे जाणारा रस्ता आणि त्यावरच्या धुळकट एसट्या. पूर्वेस वणी-राजूरकडून येणारे कोळशाचे ट्रक. दक्षिणेस सागाचं जंगल, पश्चिमेस नजर पोचेल तिथवर पऱ्हाटी. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला एवढ्यावर कळायला हरकत नाही.

कचेरी काळ्या दगडाची, इंग्रजाच्या काळातली. तिच्या व्हरांड्यात रुळाचा एक तुकडा टांगलेला होता आणि शिपाई त्यावर तासाचे ठोके द्यायचा. हा तुकडा पश्चिमेकडच्या छोट्या लायनीच्या स्टेशनातून आलेला. ती गाडी बंद पडून जमाना झाला. रूळ गवताखाली गेले, तिकिटाच्या खिडकीत पिंपळ उगवला, तरी त्या बाजूला जाणारा माणूस अजून "ठेसनाकडं चाललो" असंच म्हणतो. पूर्वेला जिनिंगची चिमणी. जिनिंग चालू होतं तेव्हा दिवाळीपासून माघापर्यंत कापसाचे तंतू उडत येऊन आमच्या कडुनिंबाला चिकटायचे, आणि कागदावर शाई वाळायच्या आत एखादा तंतू त्यात अडकायचा. माझ्या हातच्या जुन्या दस्तांमध्ये तो अजून सापडेल. आता चिमणीत पोपट राहतात. उत्तरेला रस्त्यापलीकडे मशिदीची गल्ली, तिच्यात कूलर आणि पंखे दुरुस्त करणारे. दुपारी चारपर्यंत ठोकाठोक आणि मग शरबतवाल्याची घंटी. आणि दक्षिणेला, कचेरीच्या पाठीला पाठ लावून, फैल. आमच्याकडे वस्तीला फैल म्हणतात. टिनांची आणि कौलांची तीस-बत्तीस घरं, मधोमध विहार, विहारावर निळा झेंडा. माझ्या खुर्चीतून तो झेंडा रोज दिसायचा. तो फडफडत नसला की समजायचं, आज हवा पडली, आज जीव जाणार.

त्या फैलातल्या कौतिकामावशीबद्दल लिहायचं आहे, आणि मी स्टेशनातला पिंपळ सांगत बसलो आहे. चाळीस वर्षं दुसऱ्याचं मुद्द्याचं लिहिलं, स्वतःचं लिहायचं तर हात असा आडवळणं घेतो.

कौतिकामावशी कचेरीचे कूलर भरायची. होळीनंतरच्या सोमवारी ती वाळ्याचे भारे डोक्यावर घेऊन यायची, व्हरांड्यात पाय पसरून बसायची आणि जाळीत वाळा असा विणल्यासारखा बसवायची की अख्खा उन्हाळा एक काडी खाली येत नसे. बाजारातली माणसं वाळा कोंबतात, ती लावायची. तिच्याआधी तिची सासू हेच काम करायची. तेव्हा कूलर नव्हते. दारांना वाळ्याच्या ताट्या टांगायच्या आणि दिवसभर त्यांच्यावर पाणी मारायचं. त्यासाठी कचेरीमागच्या विहिरीतून पाणी शेंदावं लागे. म्हणून कुठल्याशा साहेबानं सासूला विहिरीच्या पश्चिमेला झोपडी घालू दिली आणि तसा एक कागदही दिला. दोन पिढ्या हे घर कचेरीला गार ठेवत आलं. आत बसलेल्यांपैकी कुणाला हे ठाऊक होतं की नाही, मला शंका आहे. गार हवेला कोण विचारतं, तू कुठून आलीस.

कूलर झाले की मावशी एक जाळी माझ्या खोक्यासाठी भरायची. माझा कूलर लहान, एका तोंडाचा. "तुमी काय, कागदावानी मानूस, उनानं सुकून जासान," असं म्हणायची आणि हसायची. एक गोष्ट ती दर उन्हाळ्यात सांगायची. कचेरीचे सगळे कूलर मागच्या खिडक्यांना होते. त्यांचं पाणी दिवसभर भिंतीवरून झिरपायचं आणि ती भिंत म्हणजे मावशीच्या घराची मागची बाजू. पावसाळ्यात ती शिव्या देई त्या ओलीला. पण वैशाखात त्या भिंतीसारखं सुख नव्हतं. मावशीचा माठ तिथं, तिचं अंथरूण तिथं, आणि दुपारी फैलातल्या बाया पाठ टेकवून तिथंच बसायच्या. "या न एकडाव, भाऊ," ती मला म्हणायची. "पाठ टेकून तं पाहा. तुमच्या त्या खोक्यात काय हाय?"

मी म्हणायचो, "येतो न मावशी." कधी गेलो नाही. ऊन हे एक कारण. दुसरं कारण मी स्वतःशीही कधी उच्चारलं नव्हतं. आमच्यासारख्या घरांतून ते कुणी शिकवत नाही, उंबरठ्यासारखं ते असतंच, न बघता पाय आपोआप उचलला जातो. दस्त लिहायला मी सगळ्यांचे लिहायचो, फैलातल्या माणसांच्या हातचा चहा खोक्यात बसून पीतही होतो, आणि स्वतःला फार सुधारलेला समजत होतो. पण चाळीस वर्षांत त्या बोळीत माझं पाऊल पडलं नाही. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, हे आणखी वाईट.

पुढे कचेरीत नळ आला आणि विहिरीची गरज संपली. मग साहेबांच्या गाड्यांसाठी शेड हवी झाली. मावशीची झोपडी नेमकी आड येत होती. एका सकाळी तिला तोंडी सांगण्यात आलं, घर विहिरीच्या पलीकडे घे. तिनं घेतलं. फैलातल्या माणसांनी टिनं उचलून पश्चिमेची पूर्वेला नेली, संध्याकाळच्या आत चूल पेटली. मी हे सारं खुर्चीतून पाहिलं. दोन वर्षांनी विहीर बुजवली, मग पश्चिमेकडची चिंच तोडली. चिंच गेली तरी ऑटोवाले अजून "चिंचेपाशी सोडू का" म्हणतात आणि माणसं तिथं बरोबर उतरतातही. आमचं शहर जुनं, त्याच्या तोंडी निम्मे पत्ते मेलेल्या गोष्टींचे आहेत. बोलण्यात ते चालतं.

त्या वर्षी सरकारी जागेवरच्या जुन्या घरांना पट्टे द्यायचं निघालं. पट्टा म्हणजे ही जागा अमक्याची, असा पक्का कागद. एकदा तो मिळाला की कुणी तोंडी सांगून तुमचं घर हलवू शकत नाही. फैलात बातमी पोचली तेव्हा माझ्या खोक्यासमोर रांग लागली. वैशाख होता. पारा पंचेचाळीसच्या वर. डांबर चपलेला चिकटत होतं, कावळे चोची उघड्या टाकून नालीवर बसले होते, आणि टाकीत पाणी नसल्यानं टँकरभोवती ड्रम, बादल्या, घागरींची जत्रा भरलेली. खिशात कांदा ठेवून आणि डोक्याला दुपट्टे बांधून माणसं माझ्यापुढे उभी होती. माझ्यामागे मावशीनं भरलेला कूलर घरघरत होता.

एका दिवसात सगळे अर्ज हवे होते. मावशी दुपारी तीनच्या सुमारास आली. पदरात गुंडाळलेला सासूचा कागद तिनं माझ्यापुढे ठेवला. घड्या फाटलेल्या, पण अक्षर स्वच्छ: पूर्वेस विहीर, पश्चिमेस चिंच, उत्तरेस कचेरीची भिंत, दक्षिणेस फैलाचा रस्ता.

मी तो पुढ्यात घेऊन उतरवायला लागलो. आमच्या धंद्याची ती रीतच आहे. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते वामनकाका म्हणायचे, "जुन्या कागदाची चतुःसीमा कवाच बदलायची नाही, बाबू. बदलली का साहेब इचारते, काहून बदलली? हाय तशी उतरव अन् मोकळा हो." म्हणून आमच्या दस्तांमधून मेलेल्या बाभळी जिवंत राहतात आणि आटलेले नाले वाहतात. ज्या बाभळीचं घराचं आढं झालं, ती त्याच घराच्या कागदावर पश्चिमेला उभी असते. शेताच्या बाबतीत याचं फारसं बिघडत नाही. शेत चालत नाही.

मावशी म्हणाली, "भाऊ, एकडाव येऊन पाहून घ्या न. घर आता तिकडं नाही राह्यलं. इहीर बी नाही."

"मले का तुमचं घर माहीत नाही, मावशी? रोज दिसते इथून."

"तरी बी. कागदाचं काम हाय."

"जुना कागद पक्का असते. त्याले हात लावला का उलटी भानगड."

तिनं कागदाची घडी बोटानं सरळ केली. मग म्हणाली, "तुमी लिहिता म्हंजे बरोबरच राहीन." आणि अंगठा पुढे केला.

अंगठ्याला शाई लावताना तिचा हात मला अजून आठवतो. वाळ्यानं सगळ्या बोटांना बारीक चिरा पडलेल्या. शाई त्या चिरांत शिरली आणि ठसा नीट उमटेना. दोनदा घ्यावा लागला. तिचं घर माझ्या खुर्चीपासून हाकेच्या अंतरावर. पाठीवर तिच्याच वाळ्याची गार हवा येत होती आणि बाहेर ऊन. मी उठलो नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं मनाशी म्हटलं आणि पुढचा अर्ज ओढला.

ज्येष्ठात मोजणीदार आला. तरुण पोरगा, चांगला, फैलातल्या बायांना आई आई म्हणणारा. बाकीच्यांच्या अर्जात शेजाऱ्यांची घरं होती, ती जाग्यावर होती, त्यांचं जुळलं. कडेचं घर एकच, मावशीचं. तो अर्ज हातात धरून विहीर शोधत राहिला. बुजलेल्या विहिरीवर आता सिमेंट होतं. विहीर तिथं होती असं धरलं, तरी तिच्या पश्चिमेला गाड्यांची शेड. चिंच तर नव्हतीच. मावशी ओल्या हातानं बाहेर आली आणि म्हणाली, "हे काय घर, जी. तुमच्या समोर तं हाय."

तो म्हणाला, "आई, घर दिसून राह्यलं मले. कागदावर नाही दिसून राह्यलं."

मग तो फाटकाशी माझ्याकडे आला. "काका, हे अक्षर तुमचंच न?" मी हो म्हणालो. तो माझ्या कूलरपुढे दोन मिनिटं उभा राहिला, घाम पुसला आणि गेला. अर्जावर शेरा पडला: वर्णन जागेशी जुळत नाही.

त्यानंतर मी जे धावलो त्याचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही. दुरुस्तीचे अर्ज लिहिले, स्वतःची चूक कबूल करून लिहिलं, या टेबलावरून त्या टेबलावर गेलो. सगळे ओळखीचे. सगळ्यांनी चहा पाजला. चाळीस वर्षं मीच लोकांना सांगत आलो होतो की एकदा शेरा पडला की तो जात नाही. तेच मला लोकांनी सांगितलं, तेही माझ्याच शब्दांत. दोन वर्षांनी नव्या इमारतीचा नकाशा आला. त्यात फैलातली सगळी घरं होती. विहिरीच्या पूर्वेची जागा तेवढी मोकळी दाखवली होती.

मावशी मला कधी एका शब्दानं बोलली नाही. मी वाट पाहत होतो, की येईल, शिव्या देईल, खोक्यासमोर बसून माझ्या नावानं बोटं मोडेल. तसं झालं असतं तर मी आज वाळ्याच्या वासाला भ्यालो नसतो. पुढच्या होळीनंतरच्या सोमवारी ती नेहमीसारखी भारे घेऊन आली, कचेरीचे कूलर भरले, आणि शेवटी माझी जाळी मागितली. मी म्हणालो, "राहू द्या, मावशी."

"काहून? तुमाले गरम नाही होत?" ती म्हणाली आणि भरून दिली. तो उन्हाळा मी कूलर बंद ठेवून काढला. त्यानं कुणाचं काय भलं झालं? पण सुरू करायला हात जाईना.

नव्या इमारतीसाठी घर पाडायला एक दुपारही लागली नाही. आधी एकदा हलवलेली टिनं होती, सैलच होती. तिची लेक माया मुकुटबनला दिलेली, ती येऊन आईला घेऊन गेली. टेम्पोत माठ, अंथरूण, एक लोखंडी पेटी आणि न वापरलेल्या वाळ्याचा भारा. टेम्पो फाटकासमोरून गेला तेव्हा मावशीनं माझ्याकडे पाहून हात हलवला. मीही हलवला. आपण काय करतो आहोत ते कधी कधी हाताला कळत नाही.

मागच्या कार्तिकात मी मुकुटबनला गेलो. दहा वर्षांत पहिल्यांदा धीर झाला. भोवती सोयाबीनचं कुटार पडलेलं, कापसाची पहिली वेचणी चाललेली. मावशी ओसरीत खाटेवर होती, सुकून एवढीशी झालेली. मायानं तिच्या कानाशी माझं नाव सांगितलं. तिचा चेहरा उजळला. "आले का, भाऊ," ती म्हणाली. "पाहून घेतलं का घर?"

मी मायाकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "रोज हेच असते, काका. घर हाय तिथंच हाय, कागद व्हायचा हाय, अन् तुमी पाह्यले येनार हा. आमी सांगून सांगून थकलो. आता सांगत नाही."

"पाह्यलं नाही न अजून?" मावशी म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. मी उन्हाचा माणूस नाही, हे तिला ठाऊकच होतं. "एकडाव जाऊन या. मंग लिहा."

"जातो न मावशी," मी म्हणालो. मागेही असंच म्हणत होतो.

परवा ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डासाठी कचेरीत जावं लागलं. दगडी दर्शनी भाग तसाच ठेवला आहे, रुळाचा तुकडाही टांगलेला आहे, पण तो आता कुणी वाजवत नाही. मागे चार मजले काचेचे. आत शिरलो आणि थंडीनं अंगावर काटा आला. त्या थंडीला वास नव्हता. नंबर लागायला वेळ होता. मी बाहेर आलो. माझ्या खोक्याची जागा कडुनिंबाखाली अजून ओळखू येते, सिमेंटचा एक चौकोन उरला आहे. त्या चौकोनावर उभा राहिलो, दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि चालायला लागलो. पावलं मोजली. फाटकातून आत, शेडच्या बाजूनं, विहिरीवरच्या सिमेंटवरून पुढे. एकशे बारा. एवढंच होतं. त्या दिवशी जाऊन येऊन पाच मिनिटं लागली नसती.

फैल तिथंच आहे, झेंडा तिथंच आहे. एक बाई दारात भांडी घासत होती, तिनं वर पाहून न पाहिल्यासारखं केलं. मावशीच्या घराच्या जागी जमीन फरशीची आहे, आणि मागच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत एसीच्या मोठमोठ्या पेट्या टांगल्या आहेत. आतली सगळी गरमी त्या पेट्या इकडे ओकतात. भट्टीसमोर उभं राहावं तशी धग होती. मनातल्या मनात मी लिहून पाहिलं: पूर्वेस विहाराकडे जाणारी बोळ, पश्चिमेस बुजलेली विहीर, उत्तरेस कचेरीची भिंत, दक्षिणेस फैलाचा रस्ता. चारही बाजू बरोबर होत्या. मधे लिहायला काही नव्हतं.

का कोण जाणे, मी तिथूनच मायाला फोन लावला. म्हटलं, आईला सांग, काका जाऊन पाहून आले. तिनं फोन मावशीच्या कानाला लावला.

"पाह्यलं?" मावशी म्हणाली.

"पाह्यलं, मावशी. तिथंच उभा हावो."

"भिंतीले हात लावा बरं. लागते का अजून गार?"

मी दोन पेट्यांच्या मधल्या जागेत तळवा टेकवला.

"गार हाय, मावशी," मी म्हणालो, आणि भाजलेला हात काढून घेतला.